हिवाळ्यातला धूर कोणाचा?



या व्यासपीठावर मोठमोठी विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी दहावीला गणितात गचकलेला माणूस. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात टर्नरच्या हाताखाली लागलो आणि पुढचे सगळे शिक्षण रात्रपाळीत, सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला कंत्राटी कामगारांवर बोला म्हणून सुचविले होते. मी उलटटपाली विषय कळविला, ‘हवेतील सूक्ष्म धूलिकणांतली सेंद्रिय द्रव्ये आणि त्यांचे ऋतुमान’. त्यांचा फोन आला, की अहो, हे छापायचे कसे आणि ऐकायला येणार कोण? मी म्हटले, छापताना ‘हिवाळ्यातला धूर कोणाचा?’ असे छापा. आणि तुम्ही सुचविलेला विषय यातच आहे, त्याची काळजी करू नका.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगतो. डिसेंबर २०१७ मधली गोष्ट. पुण्याच्या एका मोठ्या गृहसंकुलात रात्रीच्या रखवालीला आमच्या युनियनचा एक सभासद होता. वय साठीच्या आसपास. आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो. एका सकाळी त्याला कंत्राटदाराने कामावरून काढले. कारण लेखी दिले होते : पालापाचोळा व कचरा जाळून संकुलातील हवा दूषित केली. पुण्यातली डिसेंबरची रात्र, पत्र्याची चौकी, अंगात कंत्राटदाराचा सुती शर्ट. माणूस शेकोटी पेटविणार नाही तर काय करील? मी भांडलो आणि आठ दिवसांत मामाला परत कामावर घ्यायला लावले. त्या भांडणात मला फारसे कष्ट पडले नाहीत. पण परत येताना मामाने विचारले, “अण्णा, भांडलात ते बरं झालं. पण मला एक सांगा, एवढ्याशा शेकोटीनं खरंच कुणाचं काही होतं का? वरच्या मजल्यावरची पोरं खोकतात म्हणतात.”

मी म्हटले, “काही होत नाही मामा. हे श्रीमंतांचे चोचले आहेत.”

हे उत्तर मी माहितीवर दिले नव्हते, सवयीने दिले होते. आमच्या चळवळीत धुराविषयी एक जुनी समजूत आहे : धुराडे चालू तर चूल चालू. धुराची तक्रार करणारा साहेब, आणि धूर बंद झाला की उपाशी राहणारा कामगार. ही समजूत मी पंचवीस वर्षे बाळगली. पण मामाचा प्रश्न काही केल्या जाईना, म्हणून वाचायला बसलो. आमच्या पुण्यात यासाठी फार लांब जावे लागत नाही. पाषाणला उष्णदेशीय हवामानविज्ञानाची संस्था आहे आणि वाहनांच्या धुराचे मोजमाप करणारी एआरएआय ही संस्थाही इथलीच. मी शास्त्रज्ञ नव्हे. शब्दकोश जवळ घेऊन जे वाचले त्यातले जे मला समजले, तेवढेच आज सांगणार आहे.

प्रथम हा कण केवढा ते पाहू. मिलिमीटरचे हजार भाग करा. त्या एका भागाला मायक्रॉन म्हणतात. डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. ज्याला पीएम २.५ म्हणतात तो कण अडीच मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक. नाकातले केस त्याला अडवीत नाहीत, खोकला त्याला बाहेर काढीत नाही. तो फुप्फुसाच्या तळाशी जातो. आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली मर्यादा अशी आहे, की घनमीटर हवेत दिवसाची सरासरी ६० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची ४० यांच्या वर हा कण असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच मर्यादा १५ आणि ५ वर आणल्या. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगकारक ठरविले.

हा कण म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात क्षार असतात, काजळी असते, धातू असतात आणि मोठा हिस्सा सेंद्रिय द्रव्यांचा असतो. सेंद्रिय म्हटले की हल्ली आपल्याला महागडी भाजी आठवते. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की कार्बनच्या सांगाड्यावर उभे राहिलेले द्रव्य. लाकूड, तेल, मेण, प्लॅस्टिक, पेट्रोल हे सारे त्यात आले. आणि या द्रव्यांची मौज अशी, की जळून हवेत गेली तरी ती आपले कूळ विसरत नाहीत.

लाकडाचे पाहा. लाकडात सेल्युलोज असते. ते जळताना लेव्होग्लुकोसान नावाचे एक द्रव्य तयार होते; ते साखरेच्या जवळच्या नात्यातले आहे. दगडी कोळसा वा डिझेल जाळून ते मिळत नाही. हवा गाळलेल्या कागदावर ते सापडले, की समजावे कुठेतरी लाकूड, गवत, गोवऱ्या किंवा पालापाचोळा जळला आहे. मोटारीच्या धुरात होपेन नावाची द्रव्ये असतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या सूक्ष्म जीवांच्या अंगातले ते अवशेष खनिज तेलात उतरले आणि वंगणातून आपल्या हवेत आले. प्लॅस्टिकच्या पिशव्या जळल्या, की ट्रायफिनाइल बेंझीन उरते. तळणीच्या कढईची निराळी आम्ले, परागकणांची निराळी साखर, बुरशीच्या बीजाणूंची आणखी निराळी. शिवाय एक मोठा पंच आहे : कार्बन-१४. जिवंत झाडात तो असतो आणि दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. पेट्रोल जमिनीखाली इतका काळ पडून असते, की त्यात तो शिल्लकच राहत नाही. म्हणजे हवेतला कार्बन कालच्या झाडाचा की पुरातन तेलाचा, याचा निवाडा प्रयोगशाळेत होऊ शकतो. आमच्या औद्योगिक न्यायालयात इतके निःपक्षपाती साक्षीदार मी क्वचितच पाहिले.

आता ऋतूंकडे वळू. आत्ता वसंत चालू आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या जंगलात या दिवसांत पानगळ साठलेली असते. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवितात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही पेटवितात, आणि ती आग कधी हाताबाहेर जाते. हवेत त्याच वेळी परागकणही असतात. पुढे ऊन तापले, की झाडेच कारखाना चालवू लागतात. निलगिरीसारखी झाडे उन्हात कार्बनयुक्त वाफा सोडतात. उन्हात त्यांची रासायनिक क्रिया होऊन त्यांतून बारीक कण बनतात. डोंगरावर उन्हाळ्यात जे निळसर धुके दिसते ते या वाफांचे असावे, असे फ्रिट्झ वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६० साली मांडले होते. याचा आधार घेऊन अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी १९८१ साली झाडे मोटारींपेक्षा जास्त प्रदूषण करतात, अशा अर्थाचे विधान केले आणि जगभर हसे करून घेतले. झाडाची वाफ शिजायला मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे वायू मदत करतात, हे सांगायचे राहून गेले. अपघाताच्या चौकशीत मालकही असेच करतात. यंत्राचे नाव घ्यायचे आणि ते चालवायला लावणाऱ्याचे गाळायचे.

पावसाळ्यात हवा धुऊन निघते. त्यावर फार बोलण्यासारखे नाही. मग येतो शरद, आणि उत्तरेत पंजाब-हरियाणाची भातशेती पेटते. याच्यामागे एक लक्षात ठेवण्यासारखा कायदा आहे. भूजल वाचावे म्हणून पंजाबने २००९ साली भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. हेतू चांगला होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीआधी खुंट काढायला फार थोडे दिवस उरले. कापणीला बिहार-उत्तर प्रदेशातून येणाऱ्या मजुरांऐवजी कंबाइन यंत्रे आली होती. यंत्र वरून कापते आणि खुंट तसाच ठेवते. शेतकरी काडी लावतो. हाच शेतकरी एप्रिल-मेमध्ये गव्हाचे काडही जाळतो, पण त्या वेळी दिल्लीत एवढा हाहाकार होत नाही, कारण तेव्हा हवा तापून उंच चढते आणि वारा धूर विखरून नेतो. नोव्हेंबरात तीच हवा जमिनीलगत बसून राहते.

थंडीचे हे काम नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार होते. मडक्यावर झाकण ठेवावे तसे होते. धूर वर जात नाही. ही झाली एक गोष्ट. दुसरी आपल्या घरातलीच आहे. खोबरेल तेलाची बाटली उन्हाळ्यात पातळ असते आणि डिसेंबरात सकाळी थिजलेली असते. तेल तेच, बाटली तीच. धुरातल्या पुष्कळशा सेंद्रिय द्रव्यांचे तसेच आहे. उन्हाळ्यात ती वाफ होऊन हवेत विरलेली असतात. थंडीत ती थिजून कणांवर बसतात आणि कण फुगवितात. आयआयटी कानपूर आणि इतरांचा एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीत हिवाळ्याच्या रात्री, सूर्य नसताना, अतिसूक्ष्म कण झपाट्याने वाढतात आणि त्याचे कारण लाकूडफाटा जळून निघालेल्या वाफा थंडीत त्यांच्यावर बसणे हे आहे, असे त्यांत दाखविले आहे. तात्पर्य, तेवढीच काटकी मे महिन्यात जाळली आणि जानेवारीच्या रात्री जाळली, तर दोन्हींचा परिणाम सारखा नाही.

याच आयआयटी कानपूरने दिल्लीच्या हवेचा मोठा हिशेब मांडला. तो अहवाल २०१६ चा. हिवाळ्यात पीएम २.५ मधला लाकूडफाटा जळण्याचा वाटा साधारण चौथा हिस्सा, उन्हाळ्यात तोच आठव्या हिश्श्यावर येतो. वाहनांचाही वाटा हिवाळ्यात चौथ्या हिश्श्याच्या आसपास आणि उन्हाळ्यात दहाव्याच्याही आत. उन्हाळ्यात माती आणि राख वर येते. म्हणून उन्हाळ्यात मोटारी चालत नाहीत असे कोणी समजू नये. मोटार बारा महिने चालते, तिला ऋतू नाही आणि तिच्या मालकावर आरोपपत्रही निघत नाही. शेकोटी तीन महिन्यांची, आणि आरोपपत्र मात्र तिचेच. हे म्हणताना दुसरी बाजूही मला मान्य केली पाहिजे : तो चौथा हिस्सा खरा आहे. त्यात मामाची शेकोटी आहे, झोपडीतली चूल आहे, झाडूवाल्या बाईने कोपऱ्यात लावलेला पाल्याचा ढीग आहे, पावाच्या भट्टीतले लाकूड आहे. माझे उत्तर चूक होते.

आणि हे कळल्यावर माझ्यातल्या युनियनवाल्याची झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. वाहनांचा धूर कमी करायचा तर नवी इंजिने, नवे इंधन, वर्षांची मुदत, उद्योगपतींशी वाटाघाटी. हिवाळ्यातला धूर कमी करायचा तर एक हुकूम काढला की झाले : पेटवू नका. गरिबाच्या हातातली काडी हिसकावणे सोपे असते.

इंग्लंडने काय केले ते पाहा. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस काळे धुके बसले. त्या वेळी सुमारे चार हजार माणसे गेली असे धरले गेले. पुढच्या अभ्यासकांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. तो धूर मुख्यतः घरोघरच्या शेगड्यांतल्या दगडी कोळशाचा आणि कारखान्यांचा होता. गंमत पाहा, साधारण त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये हागेन-स्मिट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ, ज्यांचे काम अननसाच्या वासावर चालले होते, ते हवेकडे वळले आणि तिथले डोळे झोंबविणारे धुके मोटारींच्या व तेलशुद्धीच्या वाफा उन्हात शिजून बनते हे त्यांनी दाखविले. एक शहर थंडीने गुदमरते, दुसरे उन्हाने. औषध एकच कसे चालेल? लंडनच्या त्या धुक्यानंतर १९५६ साली कायदा झाला. कोळशाचा धूर बंद, हे त्यात होतेच. पण त्याच कायद्यात हेही होते, की धूरबंदीच्या भागातल्या घरमालकाला वा भाडेकरूला शेगडी बदलायला जो खर्च येईल त्याचे दहांतले सात भाग त्याला परत मिळावेत. बंदी आणि भरपाई एकाच कागदावर. हे कलम वाचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी उठून चहा केला.

आपल्याकडे काय चित्र आहे? मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. मला हा हुकूम योग्य वाटतो. त्या भट्टीपुढे उभा असतो तो कामगार, पुष्कळदा झोपतोही भट्टीच्या वरच्या माळ्यावर. पहिला धूर त्याच्याच छातीत जातो. पण भट्टी मोडून नवी बांधीपर्यंत त्याच्या मजुरीचे काय, हा प्रश्न कोणाच्या कागदावर आहे? दिल्लीत हवा बिघडली की बांधकामे बंद होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्यांचे काम थांबले त्या मजुरांना बांधकाम उपकराच्या निधीतून निर्वाहभत्ता द्या. हा उपकर १९९६ च्या कायद्याचा, मजुरांच्याच नावाने जमा झालेला पैसा. दिल्लीत तेव्हा पाच हजार रुपये आणि २०२४ मध्ये आठ हजार जाहीर झाले. पण ते नोंदणी झालेल्यांना. ज्याची नोंदणी नाही, त्याला हवेचाही त्रास आणि बंदीचाही. तेव्हा आमच्या लोकांनो, धुराविषयी काही करायचे असेल तर आधी नोंदणीचे अर्ज भरा, असे मी सगळीकडे सांगत फिरतो. स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी, कामगारदिनी, सुरू झाली. जोडणी मिळाली, पण दुसऱ्या सिलिंडरला पैसे नसले की बाई पुन्हा चुलीकडे वळते. त्या बाईला कोणी प्रदूषण करणारी म्हटले तर मी भांडेन, पण तिची चूल निरुपद्रवी आहे असे मात्र आता म्हणणार नाही.

एका गोष्टीत दिल्लीकरांनी शहाणपणा दाखविला आहे. तिथल्या हवा-गुणवत्ता आयोगाच्या टप्प्याटप्प्याच्या कृतियोजनेत असे लिहिले आहे, की रहिवासी संघांनी हिवाळ्यात रखवालदारांना विजेचे हीटर द्यावेत, म्हणजे ते उघड्यावर जाळणार नाहीत. एवढेसे वाक्य आहे. पण शेकोटी पेटते ती थंडीमुळे, वाईट स्वभावामुळे नव्हे, हे निदान एका सरकारी कागदाने मान्य केले.

मामाकडे मी पुढच्या हिवाळ्यात गेलो. म्हटले, “मामा, मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. होतं. शेकोटीनं होतं.” जे वाचले होते ते खोबरेल तेलाचा दाखला देऊन सगळे सांगितले. मामा ऐकत होता. मग म्हणाला, “मग आधी का नाही सांगितलंत अण्णा? पोरं सातव्या मजल्यावर. शेकोटीला टेकून रात्रभर बसतो तो मी.”

बंधुभगिनींनो, मी आयुष्यात पुष्कळ सभांत निरुत्तर झालो आहे, पण त्या चौकीइतका नाही. ज्या माणसासाठी मी भांडलो, त्याच्या छातीचा विचार त्या भांडणात कुठेच नव्हता. नोकरी वाचविली आणि धूर त्याच्याकडेच ठेवला. मामाला तेव्हा खोकला होता. मी तो तंबाखूचा समजत होतो.

त्यानंतरच्या मागणीपत्रात आम्ही तीन गोष्टी घातल्या : चौकीत हीटर, लोकरीचा कोट, आणि आवारातल्या पाल्यासाठी खताचा खड्डा. संकुलाच्या मंडळींनी विजेच्या बिलावर हरकत घेतली. मी गणितात नापास झालेला, तरी हिशेब मांडला. हजार वॅटचा हीटर, रात्री आठ तास, म्हणजे आठ युनिट. थंडीच्या नव्वद रात्रींचे सातशे वीस. संकुलात घरे एकशे चाळीस. एका घराच्या वाट्याला सबंध हिवाळ्याचे पाच युनिटांहून थोडे जास्त. ज्या गृहस्थांनी मामाविरुद्ध तक्रार लिहिली होती, त्यांच्याच सूनबाईंनी बैठकीत उठून विचारले, की एवढ्यासाठी आपण दोन वर्षे भांडत होतो काय? कलम मंजूर झाले. कोट यायला मात्र मार्च उजाडला.

मामा आता निवृत्त होऊन गावी गेला आहे. त्याच्या जागी विदर्भातला एक तरुण आहे आणि हीटर चालू आहे. गेल्या जानेवारीत मी रात्री मुद्दाम तिकडून गेलो. चौकीत धूर नव्हता. पण भिंतीला लागून एक नवी इमारत चढते आहे, तिच्या तळमजल्यावर बांधकामावरची माणसे फळकुटे आणि सिमेंटच्या प्लॅस्टिकच्या गोण्या जाळून शेकत बसली होती. शेजारी दोन लहान मुले झोपलेली होती. त्या ठेकेदाराशी आमची दोन वेळा बोलणी झाली आहेत. तो म्हणतो, ही माणसे माझी नव्हेत, उपठेकेदाराची आहेत. तिसरी बैठक येत्या सोमवारी आहे.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले. कोणाला काही विचारायचे असल्यास मी बाहेर पायऱ्यांवर थांबतो.